उपग्रह रेडिओची वर्गणी भरण्यापूर्वी : अमेरिकेत नव्याने मोटार घेणाऱ्यांसाठी

अमेरिकेत येऊन पहिली मोटार घेतली, की दोन-अडीच महिन्यांत घरच्या पत्रपेटीत एक पाकीट येऊन पडते. आपल्या गाडीतील उपग्रह रेडिओचा मोफत चाचणी काळ संपत आला असून सेवा चालू ठेवायची असल्यास अमुक दराने वर्गणी भरावी, असा त्यातील मजकूर असतो. आपण रोज ऐकतो तो रेडिओ नेहमीचा एफएम नसून अवकाशातून येणारी सशुल्क सेवा आहे, याचा पत्ता अनेकांना त्या पाकिटामुळेच लागतो. मग कोणी सवयीने कार्डाचा क्रमांक देऊन मोकळे होतात, तर कोणी पाकीट न फोडताच केराच्या टोपलीत टाकतात. दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात, परंतु ते हिशेब न करता घेतलेले असतात.

पाकीट हाती आल्यापासून होकार किंवा नकार कळवेपर्यंत काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने तपासावे, ते पुढे दिले आहे. माझे मत आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वाचकाला ते पारखून घेता येईल. वाहिन्या किती आहेत हे पाहून वर्गणी भरणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशा येते; मोबाइलला रेंज नसलेल्या रस्त्यांवर आपले महिन्याकाठी किती तास जातात, या एका आकड्यावर हा निर्णय बराचसा ठरतो.

पैसे नेमके कशाचे?

या सेवेला पैसे का पडतात हे कळण्यासाठी ती चालते कशी, हे थोडे पाहावे लागते. नेहमीच्या एफएम केंद्राचा मनोरा जमिनीवर असतो आणि त्याच्या लहरी साधारण 30 ते 60 मैलांपलीकडे क्षीण होतात. म्हणूनच लांबच्या प्रवासात तासाभरात केंद्र खरखरू लागते आणि आपला हात पुन्हा बटणाकडे जातो. उपग्रह रेडिओत तो मनोरा विषुववृत्ताच्या वर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर, भूस्थिर कक्षेत (जेथे उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्याने आकाशात स्थिर भासतो) असतो. तेथून 2320 ते 2345 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात येणाऱ्या लहरी मुख्य भूमीवरील 48 राज्यांवर पसरतात, त्यामुळे बोस्टनला लावलेली वाहिनी त्याच क्रमांकावर सॅन दिएगोपर्यंत ऐकता येते. अलास्का आणि हवाई येथे राहणाऱ्यांनी मात्र या उपग्रहांवर विसंबू नये.

या पट्ट्याचा लिलाव केंद्रीय दळणवळण आयोगाने 1997 मध्ये केला आणि दोन कंपन्यांना परवाने मिळाले. एक्सएमने सप्टेंबर 2001 मध्ये महिना 9.99 डॉलर दराने प्रसारण सुरू केले, तर सिरियसने 2002 मध्ये 12.95 डॉलर दराने. उपग्रह बांधून उडवण्याचा खर्च प्रचंड होता आणि त्यात नामवंत निवेदकांच्या मानधनाची भर पडली. हॉवर्ड स्टर्न यांच्याशी सिरियसने 2004 मध्ये जाहीर केलेला पाच वर्षांचा करार 50 कोटी डॉलरचा होता. हा भार दोघींनाही पेलेना, आणि 2008 मध्ये दोन्ही कंपन्या मिळून सिरियसएक्सएम झाली. तेव्हापासून अमेरिकेत उपग्रह रेडिओ म्हणजे ही एकच कंपनी. ‘परवडत नाही तर दुसरीकडे जातो’ असे म्हणण्याची सोय उपग्रहांमध्ये उरलेली नाही. ती आपल्या खिशातील फोनमध्ये आहे, आणि कंपनीलाही ते पक्के ठाऊक आहे. म्हणून तर तिने 2019 मध्ये पँडोरा ही इंटरनेटवरील संगीतसेवा विकत घेतली.

दुसरा मोठा खर्च गाण्यांचा असतो. अमेरिकी कायद्यानुसार एएम-एफएम केंद्रांना गीतकार आणि संगीतकार यांच्या हक्कांचे पैसे द्यावे लागतात, परंतु ध्वनिमुद्रणाच्या हक्कापोटी गायक-वादकांना व ध्वनिमुद्रण कंपन्यांना काहीच द्यावे लागत नाही. उपग्रह रेडिओला मात्र तेही द्यावे लागते, आणि 2018 पासून त्याचा दर संबंधित उत्पन्नाच्या 15.5 टक्के इतका ठरलेला आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी. बिल वाचताना ती उपयोगी पडेल.

पहिली पायरी : गाडीत काय बसवलेले आहे ते पाहा

छपरावर मागच्या बाजूला शार्कच्या परासारखा लहानसा उंचवटा दिसला, की उपग्रहाची अँटेना असण्याची शक्यता असते. पण तोच उंचवटा फोन आणि दिशादर्शक यंत्रणेसाठीही वापरतात, त्यामुळे केवळ त्यावरून अनुमान काढू नये. डॅशबोर्डच्या पडद्यावर एएम आणि एफएम यांच्या शेजारी एसएक्सएम किंवा तत्सम बटण आहे का ते पाहावे, ते दाबावे आणि शून्य क्रमांकाची वाहिनी लावावी. तेथे आवाज येत नाही, फक्त रेडिओचा ओळख क्रमांक दिसतो. सिरियसच्या जुन्या घडणीच्या यंत्रांत तो 12 अंकांचा असतो आणि इतर बहुतेकांत 8 अक्षर-अंकांचा. पुढचा सर्व व्यवहार या क्रमांकावर होतो, आपल्या नावावर नव्हे, म्हणून त्याचा फोनवर फोटो काढून ठेवावा. हाताने लिहून घेतल्यास गोल दिसणारे चिन्ह शून्यच समजावे, कारण या क्रमांकात ‘ओ’ आणि ‘आय’ ही अक्षरे वापरलेली नसतात.

वर्गणी बंद असली तरी एक क्रमांकाची वाहिनी सहसा वाजते. ती स्वच्छ ऐकू आली, तर अँटेना आणि यंत्र ठीक आहेत असे समजावे. वापरलेली गाडी घेताना हे करून पाहणे विशेष महत्त्वाचे आहे. गाडी विक्रेत्याच्या दालनातून घेतली असल्यास जुन्या गाडीवरही अनेकदा तीन महिन्यांचा मोफत काळ मिळतो, पण खासगी मालकाकडून घेतली असल्यास तो आपोआप सुरू होत नाही. ओळख क्रमांक कळवून विचारावे लागते.

ज्यांच्या गाडीत ही सोय नाही, त्यांनी वेगळे यंत्र, ते गाडीत बसवण्याची बैठक आणि चुंबकाने छपराला चिकटणारी अँटेना असा संच घेण्यापूर्वी थोडे थांबावे. भारतात ज्यांनी वर्ल्डस्पेस या उपग्रह रेडिओसेवेचा संच घेतला होता, त्यांना हे वेगळे सांगायला नको. 2000 मध्ये सोडलेल्या एशियास्टार उपग्रहावरून ती सेवा येत असे, तळहाताएवढी चपटी अँटेना खिडकीत किंवा गच्चीत योग्य कोनात ठेवावी लागे, आणि ‘गंधर्व’ या वाहिनीवर दिवसभर चालणाऱ्या शास्त्रीय संगीतासाठी अनेक घरांनी हौसेने पैसे मोजले होते. कंपनीने 2008 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि 31 डिसेंबर 2009 रोजी भारतातील प्रसारण थांबले. ते संच त्यानंतर दुसरे काहीही पकडू शकत नव्हते. अमेरिकेतील सेवेची स्थिती तशी नाही, तिचे तीन कोटींहून अधिक वर्गणीदार आहेत आणि डिसेंबर 2024 मध्येही तिने नवा उपग्रह सोडला आहे. तरीही एकाच कंपनीचे प्रसारण पकडणाऱ्या यंत्रात स्वतःचे पैसे गुंतवायचे असल्यास थोडाच काळ गाडी चालवणाऱ्याने तो खर्च करू नये, असे मला वाटते. गाडीत आधीच बसवलेले यंत्र असेल तर हा प्रश्न येत नाही.

दुसरी पायरी : तास मोजा

चाचणी काळ मिळतो तो मनोरंजनासाठी, परंतु त्याचा खरा उपयोग मोजमापासाठी करावा. चार आठवडे गाडीत एक छोटी वही ठेवावी किंवा फोनमध्ये टिपण ठेवावे आणि प्रत्येक फेरीनंतर दोनच गोष्टी नोंदवाव्यात: उपग्रह रेडिओ किती मिनिटे चालू होता, आणि कोणती वाहिनी होती. दिवसाअखेरीस आठवून लिहू नये, कारण आठवणीत आवडलेला कार्यक्रम लांबतो. नोंद मात्र गाडी उभी केल्यावरच करावी, हे सांगणे नलगे.

या नोंदींतून काय दिसते ते एका उदाहरणाने पाहू. कामावर जाऊन-येऊन रोज 50 मिनिटे गाडी चालवणारा माणूस महिन्याच्या 21 दिवसांत साडेसतरा तास रस्त्यावर असतो. वरवर पाहता हे पुष्कळ वाटते. पण त्यातले काही तास घरच्यांशी फोनवर बोलण्यात जातात, काही फोनवरची मराठी गाणी ऐकण्यात, काही शांततेत. शिल्लक राहिले आठ तास. सर्व शुल्कांसह बिल 24 डॉलर धरले, तर ऐकण्याच्या प्रत्येक तासाला 3 डॉलर पडले. याउलट लांब पल्ल्याचा ट्रकचालक घ्या. केंद्रीय नियमांनुसार त्याला विश्रांतीनंतर एका पाळीत 11 तासांपर्यंत गाडी चालवता येते. त्यातले सहाच तास रेडिओ चालू राहिला आणि महिन्याला असे 20 दिवस भरले, तर 120 तास होतात आणि त्याच 24 डॉलरला तासाला 20 सेंट पडतात. सेवा तीच, किंमत तीच, पण एकाला ती पंधरा पट महाग पडते. मित्र सांगतो म्हणून वर्गणी घेऊ नये ती याच कारणाने. त्या मित्राचे तास आपले नसतात.

घरून काम करणाऱ्यांनी ही पायरी झाल्यावर पुढे वाचले नाही तरी चालेल.

तिसरी पायरी : रस्ते तपासा

नोंदींतील तासांची आता दोन भागांत विभागणी करावी: फोनला इंटरनेट मिळते अशा रस्त्यांवरचे तास आणि मिळत नाही अशा रस्त्यांवरचे तास. शहरात आणि उपनगरांत फोनवरून गाणी ऐकायला अडचण येत नाही आणि डेटाही फारसा लागत नाही. सेकंदाला 128 किलोबिट या दर्जाचे संगीत तासाभरात सुमारे 58 मेगाबाइट घेते. पश्चिमेकडील राज्यांत परिस्थिती पालटते. वायोमिंगमध्ये लॅरमी ते रॉलिन्स हा आय-80 महामार्गाचा शंभरेक मैलांचा टप्पा आम्ही एका नोव्हेंबरात ओलांडला, तेव्हा गाडीत दोन निरनिराळ्या कंपन्यांचे दोन फोन होते. लॅरमी मागे पडून अर्धा तासही झाला नव्हता, तोच पहिल्या फोनवरचे गाणे कडव्याच्या मध्यात थांबले आणि पडद्यावर गोल फिरत राहिले. दुसऱ्यावर ते आणखी दोन वळणे टिकले. एफएमवर एकच केंद्र येत होते, तेही वाऱ्याबरोबर आत-बाहेर केल्यासारखे. उपग्रहाची बातम्यांची वाहिनी मात्र रॉलिन्सच्या पेट्रोल पंपाच्या छताखाली शिरेपर्यंत एकदाही तुटली नाही. त्या दिवशी मला या सेवेची किंमत कळली, आणि वर्षातून असे किती दिवस येतात हेही लगेच मोजता आले: माझे सहा.

उपग्रह रेडिओ सर्वत्र वाजतो, असाही समज करून घेऊ नये. त्याला आकाश दिसावे लागते, आणि उपग्रह विषुववृत्तावर असल्याने अमेरिकेतून ते दक्षिणेच्या दिशेला दिसतात. दक्षिणेकडे उंच डोंगर, दाट झाडी किंवा इमारत असेल, तर आवाज तुटतो, आणि जितके उत्तरेला जावे तितके उपग्रह क्षितिजाकडे झुकल्याने हा त्रास वाढतो. मोठ्या शहरांत उंच इमारतींची अडचण ओळखून कंपनीने जमिनीवर पुनःप्रक्षेपक उभारलेले आहेत, त्यामुळे तेथे ऐकू येते. पुलाखालून जाताना आवाज का तुटत नाही, याचे कारण मजेशीर आहे. तोच कार्यक्रम दोन मार्गांनी सुमारे चार सेकंदांच्या फरकाने पाठवला जातो आणि यंत्र तो साठवत राहते. एका मार्गाचे चार सेकंद पुलाने खाल्ले, तरी दुसऱ्याचे हाताशी असतात. लांब बोगद्यात किंवा बहुमजली वाहनतळात हा साठा पुरत नाही. वाहनतळात शिरल्यावर निवेदक आणखी अर्धे वाक्य बोलतो आणि गप्प होतो, ते यामुळेच.

आपल्या नेहमीच्या रस्त्यांवर काय होते ते चाचणी काळातच पाहून घ्यावे. घरापासून ऑफिसपर्यंतचा रस्ता दाट झाडीतून जात असेल, तर उन्हाळ्यात, पाने भरलेली असताना पाहणे अधिक चांगले.

चौथी पायरी : ऐकायचे काय?

मराठी घरांसाठी महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. मराठी गाण्यांना किंवा कार्यक्रमांना वाहिलेली स्वतंत्र उपग्रह वाहिनी येथे नाही. भावगीते, नाट्यसंगीत, अभंग किंवा नवी चित्रपटगीते ऐकण्यासाठी फोनच लागतो आणि पुढेही तोच लागेल. नव्याने आलेल्या कुटुंबाची नोंदवही पाहिली, तर बहुतेक मिनिटे याच रकान्यात पडलेली दिसतात. अशा घराने रेंज नसलेल्या प्रवासासाठी गाणी आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून ठेवावीत. त्यावर वायोमिंगचा टप्पाही सहज निघतो.

संगीताच्या वाहिन्यांवर बहुतेक योजनांत जाहिराती नसतात आणि त्या वाहिन्या दशकांनुसार किंवा प्रकारांनुसार लावलेल्या असतात. जॅझ, ब्लूज, कंट्री, पाश्चात्त्य अभिजात संगीत यांची ओळख नसणाऱ्याला, माणसाने निवडून लावलेली गाणी आणि मध्येच निवेदकाने सांगितलेले चार शब्द हा चांगला शिक्षक असतो. फोनवरील यंत्रणा आपल्याला आवडलेल्यासारखेच पुन्हा वाढते; येथे निवड आपल्या हातात नसते आणि त्यामुळे अनपेक्षित काही कानावर पडते. आवाजाचा दर्जा मात्र फोनवरील चांगल्या प्रतीच्या संगीताहून कमी असतो, कारण मर्यादित पट्ट्यात शेकडो वाहिन्या बसवण्यासाठी ध्वनी बराच आवळावा लागतो. झांजा आणि टाळ्या ऐकताना हे चटकन लक्षात येते. बोलण्याच्या कार्यक्रमांत तो फरक जाणवत नाही.

बातम्या, चर्चा आणि खेळ यांच्या वाहिन्यांवर जाहिराती असतात, आणि पैसे भरूनही जाहिराती ऐकाव्या लागतात याचे नवख्यांना आश्चर्य वाटते. खेळाची ज्याला खरी ओढ आहे, त्याच्यासाठी तरीही हा विभाग सर्वांत मोलाचा आहे. बेसबॉल, अमेरिकी फुटबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकी या चारही मोठ्या स्पर्धांच्या सामन्यांचे धावते वर्णन देशात कोठूनही ऐकता येते, मग आपला संघ दोन हजार मैलांवरच्या गावचा का असेना. मुंबईत किंवा पुण्यात क्रिकेटचे समालोचन कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकलेल्या पिढीला रेडिओवरच्या बेसबॉलची गोडी फार लवकर लागते, असा माझा अनुभव आहे.

पाचवी पायरी : फुकटचे आधी वापरा

अमेरिकेत एफएमच्या पट्ट्यातील 88 ते 92 मेगाहर्ट्झ हा खालचा भाग अव्यापारी केंद्रांसाठी राखून ठेवलेला आहे. सार्वजनिक रेडिओ, विद्यापीठांची केंद्रे, अभिजात संगीत आणि जॅझ यांची कित्येक केंद्रे तेथे सापडतात, जाहिरातींचा भडिमार नसतो आणि पैसे पडत नाहीत. नवीन गावात गेल्यावर डावीकडून उजवीकडे हा भाग एकदा सावकाश चाळावा; पुष्कळांचा शोध तेथेच संपतो. अनेक गाड्यांत एचडी रेडिओचीही सोय असते, तिच्यामुळे त्याच केंद्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या उपवाहिन्या कोणत्याही वर्गणीशिवाय मिळतात.

रात्री गाडी चालवणाऱ्यांनी एएम विसरू नये. सूर्यास्तानंतर या लहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होऊन शेकडो मैल जातात आणि 50 किलोवॅटची जुनी केंद्रे कितीतरी राज्यांत ऐकू येतात; नॅशव्हिलचे 650, सिनसिनाटीचे 700 किंवा डेन्व्हरचे 850 किलोहर्ट्झ लावून पाहावे. खरखर असते, पण ओसाड रस्त्यावर ती सोबतीसारखी वाटते.

वादळ किंवा हिमवर्षाव यांच्या इशाऱ्यांसाठी उपग्रह रेडिओ घ्यावा, असा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. मोबाइलचे मनोरे बंद पडले तरी उपग्रह चालू राहतो हे खरे, परंतु तो देशभर एकच गोष्ट सांगतो, आणि आपल्याला हवी असते आपल्या परगण्याची माहिती. त्यासाठी राष्ट्रीय हवामान सेवेचे 162 मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारे मोफत प्रसारण आणि ते पकडणारे छोटे यंत्र अधिक कामाचे.

सहावी पायरी : बिल उलगडून वाचा

इतके करूनही सेवा हवीशी वाटली, तर दराकडे वळावे. जाहिरातीत दिसणारा आकडा आणि कार्डातून जाणारा आकडा यांत तीन ठिकाणी फरक पडतो. पहिले, संगीत स्वामित्व शुल्क. वर सांगितलेल्या ध्वनिमुद्रण हक्कांच्या खर्चापोटी ते 2009 पासून बिलात वेगळे दाखवले जाऊ लागले आणि संगीत असलेल्या योजनांवर ते मूळ दराच्या सुमारे एक पंचमांश इतके राहिले आहे. नावामुळे ते सरकारी कर वाटते, पण ते कंपनीने स्वतः लावलेले शुल्क आहे. दुसरे, राज्यानुसार पडणारा कर. तिसरे, सेवा सुरू करण्याचे एकवेळचे शुल्क, जे मागितल्यास पुष्कळदा माफ होते. म्हणून चौकशी करताना ‘महिन्याला किती’ असे न विचारता, सर्व शुल्के आणि कर धरून कार्डावर एकूण किती पडतील, आणि सवलत संपल्यावर किती, असे दोन प्रश्न विचारावेत व दोन्ही उत्तरे लेखी मागावीत.

दुसऱ्या प्रश्नाला अधिक महत्त्व आहे. चाचणी काळानंतर मिळणारा पहिला दर हा प्रवेशाचा दर असतो आणि पूर्ण दर त्याच्या दुप्पट किंवा तिप्पटही असू शकतो. बंद करण्यासाठी फोन केल्यावर पुन्हा सवलत देऊ केली जाते, हे येथे सर्वांना ठाऊक असलेले गुपित आहे. दरवर्षी घासाघीस करण्याची ज्याची तयारी आहे, त्याने दुसऱ्या पायरीतील हिशेब सवलतीच्या दराने करावा. ज्याला असा फोन करणे जिवावर येते, त्याने पूर्ण दरानेच करावा. मी दुसऱ्या गटातला आहे, आणि पूर्ण दराने माझा हिशेब बसला नाही.

गाडीऐवजी केवळ फोनवर किंवा घरी ऐकण्याची योजनाही कंपनी विकते. डिसेंबर 2023 मध्ये नवे ॲप आले तेव्हा तिचा दर महिना 9.99 डॉलर होता. ती घेतल्यास उपग्रहाचा लाभ मिळत नाही, आणि मग तिची तुलना इंटरनेटवरील इतर संगीतसेवांशीच करावी.

एक मधला मार्गही आहे. ज्यांचा लांबचा प्रवास वर्षातून एकदाच होतो, त्यांनी सेवा त्या एक-दोन महिन्यांपुरती चालू करून घ्यावी. शिवाय कंपनी अधूनमधून बंद असलेल्या रेडिओंवरही काही दिवस वाहिन्या खुल्या करते. सुट्ट्यांच्या आसपास एसएक्सएमचे बटण दाबून पाहायला काही पडत नाही.

सातवी पायरी : कार्ड देण्याआधी बाहेर पडण्याचा रस्ता पाहा

वर्गणी आपोआप पुढे चालू राहते. मुदत संपली म्हणून सेवा थांबत नाही, पूर्ण दराने नूतनीकरण होते. म्हणून कार्ड देतो त्याच दिवशी फोनच्या दिनदर्शिकेत मुदतीच्या 10 दिवस आधीची आठवण लावावी आणि तिच्यासोबत ओळख क्रमांकाचा फोटो, ठरलेला दर आणि पुष्टीचा ईमेल ठेवावा. बँक मर्यादित रकमेचा आभासी कार्ड क्रमांक देत असल्यास तो वापरावा.

बंद करण्याबाबतच्या तक्रारी सार्वजनिक नोंदीत आहेत. न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनी डिसेंबर 2023 मध्ये कंपनीवर दावा दाखल केला. ग्राहकाला रद्द करण्यास फोनवर सरासरी साडेअकरा मिनिटे आणि ऑनलाइन संवादातून 30 मिनिटे लागत असल्याचे त्यांचे म्हणणे होते. नोव्हेंबर 2024 मध्ये तेथील न्यायालयाने, ही पद्धत सोप्या रद्दीकरणाची सक्ती करणाऱ्या केंद्रीय कायद्याचा भंग करते, असा निर्णय दिला. सर्वच वर्गण्यांसाठी केंद्रीय व्यापार आयोगाने केलेला अधिक कडक नियम मात्र लागू होण्याच्या तोंडावर, जुलै 2025 मध्ये, अपील न्यायालयाने रद्दबातल ठरवला. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत, ऑनलाइन घेतलेली वर्गणी ऑनलाइनच बंद करू देण्याचे बंधन राज्याच्या कायद्याने आहे. आपल्या राज्यात काय आहे, ते आधी पाहून ठेवावे.

फोन करावा लागलाच, तर नव्याने आलेल्या माणसाची अडचण भाषेची नसून भिडेची असते. समोरचा माणूस नम्रपणे कारण विचारतो, आपण कारण देतो, तो त्या कारणावर एक सवलत सुचवतो, आणि ‘नाही’ म्हणणे उद्धटपणाचे वाटून आपण आणखी सहा महिने घेऊन बसतो. कारण देण्याचे बंधन आपल्यावर नाही. ‘मला ही सेवा आजपासून बंद करायची आहे, कोणतीही सवलत नको, पुष्टीचा क्रमांक द्या’ एवढेच वाक्य शांतपणे पुन्हा म्हणावे आणि तो क्रमांक लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. नंतरही विक्रीचे फोन येत राहिल्यास, आपला क्रमांक कंपनीच्या ‘फोन करू नये’ यादीत टाकण्यास स्पष्ट सांगावे. 2003 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय यादीत क्रमांक नोंदवणे चांगलेच, परंतु ज्या कंपनीशी आपला व्यवहार झालेला आहे तिला त्या यादीतून शेवटच्या व्यवहारानंतर 18 महिन्यांपर्यंत सूट असते, म्हणून हे थेट सांगणे आवश्यक ठरते.

गाडी विकताना हा विषय सर्वाधिक विसरला जातो. वर्गणी यंत्राला जोडलेली असते आणि पैसे आपल्या कार्डातून जात असतात. गाडी गेली तरी दोन्ही चालूच राहतात, आणि नवा मालक आपल्या पैशांनी बेसबॉल ऐकत असतो. विक्रीची तारीख ठरली, की सेवा बंद करावी किंवा नव्या गाडीच्या ओळख क्रमांकावर वळवून घ्यावी. किल्ल्या सुपूर्द करण्यापूर्वी शून्य क्रमांकाची वाहिनी एकदा शेवटची लावून, पडद्यावरचा क्रमांक बंद केलेल्या वर्गणीच्या क्रमांकाशी ताडून पाहावा.